तपस्व्यांची फरशी

इस्पितळाच्या आवारात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. डॉक्टरांपासून झाडलोट करणाऱ्या मावशींपर्यंत सगळे त्यांना 'तपस्वी' म्हणत, आणि तेही ही पदवी जन्मतःच मिळाल्यासारखी मिरवत. खरं काम म्हणाल तर बॉयलरघर सांभाळायचं. तळघरातला मोठा बॉयलर पाणी तापवतो, ते पाणी पाइपांतून वॉर्डावॉर्डांत फिरतं, भिंतींना लावलेल्या लोखंडी पेट्या त्याने तापतात आणि खोली उबदार राहते. त्या पेट्यांना इस्पितळात सगळे 'फासळ्या' म्हणत, कारण त्या दिसतात तशाच. थंडी तिथली अशी की नळाखाली ठेवलेली बादली सकाळी वरून कडक होऊन बसलेली असायची. अशा जागी बॉयलरवर देखरेख म्हणजे आजाऱ्यांच्या जिवाशी गाठ. पण तपस्व्यांची कीर्ती कामामुळे नव्हती. काम ते बेताचंच करत. कीर्ती होती ती उघड्या पाठीची.

उजाडताना ते आपल्या क्वार्टरच्या देवाच्या खोलीत बसत. कमरेला एक धुतलेलं वस्त्र, वर काही नाही. खाली आसन नाही, चटई नाही, नुसती दगडी फरशी. खिडकी सताड उघडी. खिडकी लावून तप केलं असतं तर देवाला दिसलंच असतं, पण वॉर्डांकडे जाणाऱ्या लोकांना कसं दिसणार? माणसं कोटाच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावून, कानटोप्या ओढून, तोंडातून वाफा सोडत तिथे थबकायची. आत तपस्वी डोळे मिटून बसलेले. अंगावर काटा नाही, ओठ निळे नाहीत. एकदा तर कपाळावर घामाचे थेंब दिसले. त्या दिवशी दोन बायकांनी चपला काढून खिडकीखालच्या ओल्या दगडावर डोकं टेकलं.

मग काय, रांगच लागली. कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाच्या बापाचा मूतखडा. तपस्वी एक डोळा किलकिला करून बघत आणि हात वर करत. अवघड ऑपरेशन असलं की मोठे डॉक्टर, म्हणजे इस्पितळाचे सर्वेसर्वा, तेसुद्धा वाट वाकडी करून त्या खिडकीवरून जात. एवढा शिकलेला माणूस, दुसऱ्याचं काळीज हातात धरून शिवणारा, आणि बॉयलरवाल्याच्या पाठीवरून शकुन बघायचा!

तपस्व्यांच्या बायकोला आवारात सगळे वहिनी म्हणत. वहिनी देवभोळ्या नव्हत्या, देवाच्या होत्या. ज्याला हा फरक कळत नाही त्याला समजावून उपयोग नाही. भांडी घासताना, चादरी वाळत घालताना, दुधावर लक्ष ठेवताना त्यांच्या ओठांवर नाव असायचं. त्यासाठी त्यांना खिडकी लागत नसे. नवऱ्याच्या तपावर मात्र त्यांचा विश्वास होता. नवरा देवाचं करतो म्हटल्यावर बायकोने शंका काढायची नसते, असं त्यांना लहानपणापासून शिकवलेलं. आणि शिकवणारी माणसं मरून गेली तरी शिकवण जात नाही.

एरवी नवरा कसा आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात हाच माणूस वहिनींना आधी अंथरुणात शिरायला लावायचा. अंथरूण तापलं की मग मोज्यांवर मोजे चढवून यायचा आणि "सरक तिकडे" म्हणून तापलेली जागा घ्यायचा. वहिनी सरकायच्या. गार कडेला पडून देवाचं नाव घ्यायच्या. थंडीची या माणसाला इतकी धास्ती की अंघोळीचं पाणी दोनदा उकळून घ्यायचा.

देवाची खोली काढली ती त्यानंतर. क्वार्टरच्या मागे थोडी जागा मोकळी होती. मोकळी होती, कारण तिच्याखालून पाइपांचा चर जात होता. बॉयलरघरातून निघून तो थेट आवाराच्या टोकाला, बायकांच्या शेवटच्या वॉर्डापर्यंत. त्यावर बांधकाम करायचं नाही असा नियम. पण देवाच्या नावाने चार भिंती उभ्या राहिल्या की हरकत घ्यायला कुणाची जीभ वळणार? भिंती गवंड्याने बांधल्या. फरशी मात्र, "देवाची जागा आपल्या हातांनीच घालायची असते," असं म्हणत तपस्व्यांनी आतून कडी लावून स्वतः घातली. घरात ज्याने कधी खिळा ठोकला नाही त्याने चांगले पंधरा-वीस दिवस आत खाटखूट केली. त्याच हिवाळ्यात तप सुरू झालं. वहिनींनी या दोन गोष्टी कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

त्या फरशीला दुसऱ्या कुणी पाय लावायचा नाही. वहिनींनी नमस्कार उंबऱ्याबाहेरून करायचा. फरशी पुसायचे ते तपस्वी स्वतः. ज्या माणसाने जन्मात आपला पेला विसळला नाही तो गुडघ्यांवर बसून फरशी पुसतो, हे बघून वहिनींना भरून यायचं. शेजारणींनाही त्या कौतुकाने सांगायच्या.

आता शेवटच्या वॉर्डाचं. तो म्हाताऱ्या बायकांचा. कुणाचं हाड मोडलेलं, कुणाचा दमा, कुणाला घरच्यांनी आणून टाकलेलं आणि न्यायचं विसरलेलं. तिथल्या फासळ्या कधी धड तापल्या नाहीत. हात लावला तर मेलेल्या माणसाच्या कपाळाइतक्या गार. वॉर्डाच्या सिस्टर तक्रार घेऊन बॉयलरघरात गेल्या की तपस्वी हसत. "सिस्टर, पाइपही म्हातारे आणि तुमच्या पेशंटही म्हाताऱ्या. दोघांनाही ऊब धरवत नाही, मी काय करू?" हा विनोद त्यांना इतका आवडला होता की दर हिवाळ्यात ते तो करत, आणि ऐकणारे दर हिवाळ्यात हसत. तपस्वी माणूस, त्यातून विनोदी. आणखी काय पाहिजे?

मग त्याच वॉर्डात वहिनींच्या ताई आल्या. पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, पण पडून पडून छातीत कफ भरला. आई गेल्यावर वहिनींची वेणी घालणारी, त्यांच्यासाठी मारक्या मास्तरणीशी भांडणारी ती हीच ताई. वॉर्डाच्या डॉक्टरीणबाई वहिनींना बाजूला घेऊन म्हणाल्या, "हाड जुळेल हो, पण या गारठ्यात छाती मोकळी होणार नाही. बाकी वॉर्ड भरलेत, हलवता येत नाही. सगळीकडे नवे पाइप घालतायत ना, ते इथवर येईपर्यंत तग धरायला हवा. ऊब मिळाली तर वाचतील."

एवढं एकच वाक्य वहिनी घेऊन घरी आल्या. ऊब मिळाली तर वाचतील.

ताईंची जीभ मात्र छातीसारखी भरलेली नव्हती. तीन पांघरुणांतून नाक बाहेर काढून त्या म्हणाल्या, "काय गं, तुझा नवरा म्हणे उघडा बसतो?"

"हो ताई. तुझ्यासाठी जप करतात रोज."

"त्याला सांग, जप राहू दे, कोट घाल. त्याला वाजायची थंडी सगळी इकडे येते."

"असं बोलू नये गं," वहिनी म्हणाल्या आणि ताईंचे तळपाय आपल्या हातांत धरून चोळत बसल्या. पाय तापेनात. वहिनींचेच हात गार पडले.

पाइपांचं काम पावसाळा सरल्यापासून चाललं होतं. इस्पितळ बंद ठेवता येत नाही, आजारी माणसांना बाहेर काढून ठेवता येत नाही, तेव्हा एकेक इमारत घ्यायची: सकाळी पाणी सोडून द्यायचं, जुना पाइप कापायचा, नवा बसवायचा, संध्याकाळच्या आत फासळ्या पुन्हा तापत्या करायच्या. कापलेले जुने तुकडे आवारात रचून ठेवलेले असत. आत लाल-काळा गाळ बसून बोटभर भोक उरलेलं. त्यातून निघालेलं काळं पाणी बघून येणारेजाणारे नाक मुरडत. पण काम झालेल्या वॉर्डांत चमत्कार झाल्यासारखी ऊब आली. मुलांच्या वॉर्डात पोरं स्वेटर काढून फेकायला लागली. काम पुढे सरकत सरकत तपस्व्यांच्या क्वार्टरच्या मागच्या भिंतीशी येऊन थडकलं. पलीकडे उरला होता फक्त शेवटचा वॉर्ड.

कामावरचा मिस्त्री दांडगा, तोंडाळ, सारखा घाईत. नकाशा बघत त्याने डोकं खाजवलं. "अंड्यांवर कोंबडी बसवावी तशी चरावर खोली कुणी बसवलीय?"

तपस्वी दारात आले. "ती खोली नाही. तपोभूमी आहे."

"असेल की. मला तिच्याखालनं पाइप न्यायचाय. फरशी उचलू, काम करू, संध्याकाळी होती तशी बसवून देऊ."

"उचला," तपस्वी शांतपणे म्हणाले. "पण ज्या हाताने उचलाल त्या हाताचं पुढे काय होईल, ते माझ्याकडे विचारायला येऊ नका."

झालं! एवढा तोंडाळ मिस्त्री, चार मजले पोखरून आलेला, पण त्याने हातोडा असा खाली ठेवला की जणू तो तापला होता. "नाही बुवा. माझ्याच्यानं नाही होणार. मला घरी बायकापोरं आहेत." त्याची माणसंही मागे सरली. एकाने तर जाता जाता भिंतीला नमस्कार केला.

प्रकरण मोठ्या डॉक्टरांकडे गेलं. वळसा घालून पाइप नेता येईल का, तर नाही, एका बाजूला ऑपरेशनच्या खोल्यांचा पाया, दुसऱ्या बाजूला रस्ता. फरशी उचलल्याशिवाय गत्यंतर नाही. मोठे डॉक्टर स्वतः येऊन अंगणात उभे राहिले, खोलीकडे बघितलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "श्रद्धेचा प्रश्न आहे. घाई नको. इथपर्यंत नवा पाइप आणा आणि पुढे जुनाच जोडून टाका. शेवटच्या वॉर्डाचं पुढच्या वर्षी बघू."

"आणि तोवर?" सिस्टरांनी विचारलं.

"जादा पांघरुणं द्या."

पांघरुणांचा ढीग आला. एका म्हातारीने त्यांचं ओझं सोसवत नाही म्हणून ती पायांनी ढकलून दिली. ताईंच्या छातीतला आवाज आता खाटेपाशी उभं राहिलं तरी ऐकू यायचा.

वहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्यापुढे हट्ट धरला. "अहो, फरशी काय, परत बसेल. एका दिवसाचं काम आहे. ताईला..."

"तुला तपातलं काय कळतं?"

"नाही कळत. पण ताईचा श्वास मला कळतो."

"त्या बाईसाठी इतक्या वर्षांचं तप मोडू? तिच्यासाठी जप करतोय, ते काय थोडं झालं?"

ताई होत्या त्या 'ती बाई' झाल्या, हे वहिनींनी ऐकलं.

रात्रभर त्यांचा डोळा लागला नाही. सकाळी त्यांच्या मनाने घेतलं की आपणच कमी पडतोय. नवरा एवढं सोसतो, आपण ताईसाठी काय सोसलं? नुसतं पाय चोळणं! तपस्वी बॉयलरघराकडे गेले तसं त्यांनी दार लावलं, देवाच्या खोलीचा उंबरा ओलांडला, स्वेटर काढला, मोजे काढले. देवा, क्षमा कर, म्हणाल्या. त्यांची जागा घेत नाही, पण ताईच्या वाटची थंडी थोडी मला दे. आणि दात घट्ट आवळून त्या फरशीवर बसल्या.

फरशी शेकत होती.

आधी त्यांना वाटलं, दर्शन झालं. डोळ्यांतून पाणी आलं, हात जोडले गेले. देव इतक्या लवकर पावतो? मग बसल्या बसल्या त्यांचा हात बाजूला गेला. तिथे गार. जरा अलीकडे गरम. पुन्हा गार. पुन्हा गरम. वहिनी बॉयलरवाल्याची बायको. हाताने चाचपत त्या गुडघ्यांवर सरकत गेल्या. गरम पट्टा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायचा, वळायचा, परत यायचा, वेटोळं घालून बसलेल्या जनावरासारखा. बैठकीच्या जागी वेटोळी अगदी जवळ जवळ. कोपऱ्यात समईच्या खाली फरशीचा एक छोटा चौकोन हलत होता. समई बाजूला ठेवून त्यांनी तो नखाने उचलला. खाली पितळी चाक, पाणी सोडायचं-अडवायचं. त्यावर हात फिरून फिरून ते सोन्यासारखं चकाकत होतं.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. वहिनींचे तळपाय तर आधीच शेकत होते.

शेवटच्या वॉर्डाला जाणारं पाणी इथे वळवलेलं. आधी या पाठीखालून, या बुडाखालून फिरून घ्यायचं, आणि निवलं की मग म्हाताऱ्यांकडे. इतकी वर्षं! किती जणींनी 'सिस्टर, अजून एक पांघरूण' म्हणत डोळे मिटले असतील, आणि हा माणूस इथे शेकत बसून घाम गाळून नमस्कार घेत होता. वहिनींना रडू आलं नाही. त्यांना किळस आली. ताटात झुरळ निघाल्यावर येते तशी. चोरी करायची होती तर करायची होतीस, त्यांनी मनात नवऱ्याला पहिल्यांदाच एकेरीत म्हटलं. भित्रा आहेस, थंडी सोसवत नाही, दुसऱ्याची ऊब खातोस, इथवर माणूस समजून घेईल. पण वर देवाला साक्षीला बसवलंस?

त्यांनी चौकोन परत बसवला, समई जागेवर ठेवली, मोजे घातले. चाक फिरवून टाकावं असं एकदा वाटलं होतं. पण हा माणूस संध्याकाळी ते परत फिरवेल, आणि तोंड उघडलं तर लोक आपल्यालाच वेड्यात काढतील. तपस्व्यांवर आळ घेणारी बायको! दगड मारतील लोक.

दुसऱ्या दिवशी तपस्व्यांची पाठ फिरताच वहिनी वॉर्डात हजर. "सिस्टर, ताईला जरा उन्हात नेऊ?"

"ऊन कुठेय, वहिनी?"

"आमच्याकडे पडतं."

सिस्टरांनी त्यांच्याकडे निरखून बघितलं, आणि काही न विचारता चाकांची खुर्ची आणून सोबत निघाल्या. चांगल्या बाईला सगळं सांगावं लागत नाही. वहिनींनी ताईंना गुंडाळून अंगणातून आणलं, खोलीत चादर अंथरली आणि दोघींनी मिळून अलगद उतरवलं. ताई पाठीवर पडल्या. मग म्हणाल्या, "अगबाई! हे काय गं?"

"तप," वहिनी म्हणाल्या.

ताईंनी तळहात फरशीवर फिरवला, बहिणीच्या तोंडाकडे बघितलं, आणि सगळं समजून इतक्या हसल्या की खोकल्याची उबळ आली. आणि कित्येक दिवसांनी पहिल्यांदा कफ सुटून बाहेर पडला.

अशी बातमी वॉर्डात कुणी सांगावी लागत नाही. ताई परतल्या त्या गालांवर रंग घेऊन. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरची दम्याची म्हातारी हटून बसली, "मलाही उन्हात न्या." तिच्या मागून आणखी दोघी. सिस्टर खुर्च्या पुरवत होत्या, वहिनी अंगणातून ढकलत होत्या, आणि तपोभूमीवर चार म्हाताऱ्या पाय पसरून, डोक्याचे रुमाल सोडून, सुनांच्या चुगल्या करत बसल्या होत्या, तोच तपस्वी काही विसरलं म्हणून घरी आले.

"हे काय! कोण या बायका? उठा! उठा आधी!"

"ओरडू नका," वहिनी म्हणाल्या. "आजारी आहेत."

"माझी बैठक विटाळली!"

"देवाच्या खोलीत आजारी माणूस आलं तर विटाळते, असा तुमचा देव असेल. माझा नाही."

तपस्व्यांनी पवित्रा बदलला. आवाजात मध आणला. "अगं, दगडी फरशी. बर्फासारखी गार. माझं सोड, मला सवय आहे. या म्हाताऱ्या माणसांना एका दिवसात न्यूमोनिया होईल."

"गार?" दम्याची म्हातारी म्हणाली. "मेल्या, माझं बूड भाजतंय!"

बाकीच्या हसल्या. ताई पडल्या जागेवरून म्हणाल्या, "पाव्हणे, तुम्ही पण बसा की. कोट काढून. आम्ही खिडकीतून बघतो."

आरडाओरडा ऐकून बाहेर माणसं जमली होती. नवा पाइप जुन्याला जोडायला आलेला मिस्त्री होता, सिस्टर होत्या, आणि कुणीतरी बोलावून आणलेले मोठे डॉक्टरही. वहिनी उंबऱ्यावर आल्या.

"डॉक्टरसाहेब, शेवटच्या वॉर्डात ऊब येत नाही, आणि इथे ऊब आहे. तेव्हा वॉर्ड गरम होईपर्यंत या बायका दिवसभर इथेच बसतील. उद्या आणखी आणीन. तुम्हीही या, हात लावून बघा. सगळ्यांनी बघा."

हात लावून बघा म्हटल्यावर तपस्व्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. चार म्हाताऱ्या बसल्या तर चाळीस जणी येणार, त्यांच्या मागून नातेवाईक येणार, प्रत्येकाचा हात फरशीला लागणार. पण असल्या माणसाचं डोकं अशा वेळी फार चालतं. कामाच्या वेळी न चालून सगळं शिल्लक राहिलेलं असतं ना. त्यांनी डोळे मिटले, हात वर केला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "या मातांसाठी मी माझ्या तपाचा त्याग करतो. फरशी उचलली जाईल. पण पहिला घाव माझा. मी एकटा, दार लावून..."

"दार उघडं राहील," वहिनी म्हणाल्या. "मिस्त्री, या आत. हाताला काही झालं तर माझ्या डोक्यावर."

मिस्त्रीने एकदा तपस्व्यांकडे बघितलं, एकदा वहिनींकडे, आणि वहिनींना जास्त घाबरला.

बायकांना खुर्च्यांवर बसवलं. फरशी उचलली तसं खाली वेटोळं दिसलं. तांब्याचा पाइप, नीट वळवलेला, नीट जोडलेला. नोकरीच्या एवढ्या वर्षांत या माणसाने केलेलं तेवढंच एक काम मन लावून केलेलं दिसत होतं. बाजूला जुन्या मुख्य पाइपावर एक झडप, जवळजवळ बंद.

सगळे मोठ्या डॉक्टरांकडे बघायला लागले. आता वीज कोसळणार, असं सिस्टरांना वाटलं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. खिडकीवरून मारलेल्या सगळ्या चकरा त्यांना आठवल्या असाव्यात. या माणसाला चोर म्हणायचं, तर मग आपल्याला काय म्हणायचं?

"हं," ते म्हणाले. "जुन्या बांधकामातलं दिसतंय. पूर्वी अशा पद्धती होत्या."

"जुनं?" मिस्त्री म्हणाला. "अहो साहेब, हे जोड तर..."

"तुम्ही तुमचं काम करा!"

मिस्त्री मुकाट खाली वाकला. जमलेल्या माणसांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. ज्यांनी ओल्या दगडावर डोकं टेकलं होतं त्या बायकांपैकी एक तिथे होतीच. ती शेजारणीला म्हणाली, "बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हतं बघ खाली काय आहे ते." आणि दुसरी म्हणाली, "ठाऊक असून काय? त्याग केला शेवटी." संध्याकाळपर्यंत साऱ्या आवारात झालं की तपस्व्यांनी आपली ऊब म्हाताऱ्यांना दिली. लोकांना खरं नको असतं असं नाही. खऱ्यासाठी आपलं हसं करून घ्यायला नको असतं.

तांब्याचं वेटोळं मिस्त्रीने कापून भंगारात टाकलं. नवा पाइप त्याच दिवशी खालून गेला, वर जाड वेष्टण घातलेला, म्हणजे ऊब वाटेत कुठेही सांडायची सोय नाही. तपस्व्यांना मात्र पंचाईत झाली. त्यागामुळे रांग दुप्पट झाली आणि बसायला आता खरोखरची दगडी फरशी! पहिल्या दिवशी बसले. दात असे वाजले की बाहेरच्यांना वाटलं जप मोठ्याने चाललाय. दुसऱ्या दिवशी शिंकांनी हैराण होऊन उठले, आणि तिसऱ्या दिवशी त्यांना देवाचा आदेश झाला की यापुढे अंथरुणात पडून, तोंडावर पांघरूण घेऊन, मौन पाळायचं. लोक म्हणाले, ही तर वरची पायरी. वहिनींनी जेवणाचं ताट अंथरुणाशी ठेवलं आणि दार ओढून घेतलं. त्या माणसाबद्दल देवापाशी त्यांनी पुढे कधी काही मागितलं नाही. तक्रारसुद्धा केली नाही. तेवढं मनात आणावं एवढीही त्याची किंमत त्यांच्या लेखी उरली नव्हती.

शेवटच्या वॉर्डात पाणी सोडलं तेव्हा फासळ्या आधी ठणठणल्या, गुरगुरल्या, म्हाताऱ्या घाबरून उठून बसल्या. मग हळूहळू तापल्या. एकीने गाल टेकला. एकीने ओले मोजे वर वाळत घातले. चार दिवसांत ताईंचा ताप उतरला, आठवड्याने डॉक्टरीणबाईंनी पाठीला नळी लावून ऐकलं आणि म्हणाल्या, "छाती मोकळी. आता काठी घेऊन चालायला शिकायचं."

त्या दिवशी वहिनी आल्या तेव्हा वॉर्डात भांडण पेटलं होतं. दम्याच्या म्हातारीला खिडकी उघडी हवी होती, जीव गुदमरतो म्हणून. पलीकडची म्हणत होती, इतकी वर्षं कुडकुडले, आता एक झुळूक आत येऊ देणार नाही. सिस्टर मध्ये उभ्या राहून दोघींना दटावत होत्या.

"बघ," ताई काठीवर जोर देऊन उभ्या राहत म्हणाल्या, "यांना कशाचंच सुख नाही. धर मला. त्या दारापर्यंत जाऊन येऊ."

वहिनींनी त्यांचा दंड धरला. तळहाताखाली तो उबदार होता. दोघी दाराकडे चालायला लागल्या, आणि मागे कुणीतरी धाडकन खिडकी उघडली.